दिपोटी ते कुरणशाळा: शहापूर-मुरबाडमधील शिकण्याची दीडशे वर्षे

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. माहुलीचा किल्ला शहापूरच्या हद्दीत, तर नाणेघाटाचा पायथा, माळशेज आणि सिद्धगड मुरबाडच्या. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशी इथली वस्ती. सरकारी शाळा इथे साधारण दीडशे वर्षांपूर्वी येऊ लागल्या आणि पाड्यांपर्यंत पोचायला त्यांना आणखी शंभर वर्षे लागली. मधल्या काळात इथली मुले शिकत नव्हती असे नाही. ती कशी शिकत होती आणि शाळेने त्या शिकण्याचे काय केले, हा या तालुक्यांच्या इतिहासातला कमी लिहिला गेलेला भाग आहे.

पहिल्या पावसाच्या सुमारास रानात शेवळे वर येते. ते नुसतेच शिजवले तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यात काकडे किंवा बोंडाऱ्याचा पाला घालतात. कडूकंदाचे काप उकळून वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात, तेव्हा कुठे त्याचा कडवटपणा जातो. आजीबरोबर रानात जाणारे सात-आठ वर्षांचे पोर हे सगळे पाहून, हाताळून आणि चुकून शिकते. परीक्षक म्हणजे स्वतःचाच घसा. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचे, म्हणजे राबाचेही तसेच. तोडलेल्या फांद्यांचे कवळ, शेण, पालापाचोळा आणि माती यांचे थर लावून राब भाजायचा तो वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवून, म्हणजे आग सावकाश चालते आणि राख जागेवर राहते. वारा कुठून सुटला आहे हे ज्याचे त्यालाच पाहावे लागते. वलगणीचे मासे कोणत्या रात्री ओढ्यात चढतील, गुरे कोणत्या टेपाडावर न्यायची, कोणत्या झाडाखाली पावसात थांबायचे नाही, अशा शेकडो गोष्टींत मुलाच्या अंदाजावर घर विसंबून असे. गुराख्याचे काम आठव्या-नवव्या वर्षी अंगावर पडे आणि दिवसभर निर्णय त्याचेच असत.

या शिक्षणाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. त्यात लेखन नव्हते, हिशेब नव्हता. सावकाराने खंडीचे दीड खंडी लिहिले तरी ते वाचता येत नसे आणि कोऱ्या कागदावर अंगठा उठवला की पिढ्या वेठीत जात. ठाण्यातल्या आदिवासींच्या या अवस्थेवर सरकारी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला अहवाल दिला, तो याच कारणाने महत्त्वाचा ठरला. शाळेची गरज खरी होती. वाद शाळा हवी की नको हा नसून कोणत्या प्रकारची शाळा आली हा आहे.

इंग्रजी अमलाच्या आधी बाजारपेठेच्या गावांतून पंतोजींच्या शाळा असत. धूळपाटीवर मुळाक्षरे, मग मोडी, मग पाढे आणि त्यांच्या मागोमाग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. पंतोजीची छडी कुप्रसिद्ध होती आणि त्याची शाळा मुख्यतः ब्राह्मण, प्रभू, वाणी यांच्या मुलांची. ठाकर-कातकऱ्यांची पोरे तिच्या ओसरीवरही नसत. तरी तिच्यात एक गोष्ट होती जी नंतर हरवली: वर्ग नव्हते. प्रत्येक मुलगा आपापल्या गतीने पुढे सरके आणि पुढे गेलेला मागच्याला शिकवी. मद्रासमध्ये अँड्र्यू बेल यांनी अशीच पद्धत पाहून ती इंग्लंडात नेली, हे शिक्षणाच्या इतिहासात नोंदलेले आहे. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याने मात्र इथे ती ठेवली नाही.

1854 च्या वूड यांच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर शिक्षणखाते उभे राहिले. 1860 च्या दशकात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला आणि त्यातला एक तृतीयांश भाग शाळांकडे वळला. खेड्यातली मराठी शाळा या आण्यावर उभी राहिली. इयत्ता ठरल्या, प्रत्येक इयत्तेचे पुस्तक ठरले आणि वर्षातून एकदा डेप्युटी इन्स्पेक्टर परीक्षा घ्यायला येऊ लागला. लोकांच्या तोंडी तो 'दिपोटी' झाला. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुलांना अंघोळ घालून आणले जाई आणि गेले काही आठवडे घोकलेली कविता, नद्यांची नावे, सनावळ्या पुन्हा पुन्हा म्हणून घेतल्या जात. मास्तरची बढती-बदली त्या एका दिवसावर अवलंबून असल्याने त्याने शिकवावे तरी काय? दिपोटी विचारील तेच. दिपोटी विचारी ते पुस्तकातले. मुलाने स्वतः काही विचारले तर त्याला उत्तर देण्याची सोय या साखळीत कुठेच नव्हती.

शाळेच्या दुसऱ्या टोकाला व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा होती. ती उत्तीर्ण झालेला मुलगा मास्तर, तलाठी किंवा कारकून होऊ शके. कुणब्याच्या घरात शाळेचा अर्थ म्हणूनच 'शेतीतून सुटण्याचा दरवाजा' असा झाला. जो त्या दरवाजापर्यंत पोचत नसे तो चौथीनंतर गुरांकडे परत जाई, फक्त आता 'नापास' म्हणून.

जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हे नेमके पकडले होते. शेतकऱ्यांच्या पैशांवर चालणाऱ्या शाळांचा लाभ वरच्या जातींनाच मिळतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यापुढे जाऊन त्यांनी सुचवले की शिक्षक शेतकरीवर्गातले, वेळ पडल्यास नांगर धरायला न लाजणारे असावेत आणि अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीची मूलतत्त्वे असावीत. खात्याने या सूचना बाजूला ठेवल्या.

त्याच सुमारास मुलांच्या दुसऱ्या शाळेवर, म्हणजे रानावर, कुलूप पडत होते. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या. राबासाठी फांद्या तोडणे, गुरे चारणे, कात पाडण्यासाठी खैर तोडणे हे एकेक करून परवान्याचे किंवा गुन्ह्याचे विषय झाले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की 1885 मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. कातकरी समाजाला याचा फटका सर्वांत जास्त बसला. ज्याचे ज्ञान खैराच्या लाकडात होते त्याला ते वापरताच येईना. ज्ञान निरुपयोगी झाले की ते मुलाला देण्याची घाईही उरत नाही, आणि इथे ते तसे होण्यात शाळेपेक्षा वनखात्याचा वाटा मोठा आहे.

1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते. त्यांनी ती उचलली. 1940 मध्ये ठाण्यातल्या आदिवासींसाठी आदिवासी सेवा मंडळ काढणारेही खेरच. जीवनशिक्षणाची कल्पना या भागाला साजेशी होती. पण प्रशासनातून झिरपत खाली येईपर्यंत तिचा बहुतेक ठिकाणी टकळीचा एक तास झाला. ज्या घरात कोणी सूत काततच नव्हते तिथल्या मुलांनी वेळापत्रकाप्रमाणे सूत काढले.

खरा वेगळा प्रयोग याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला झाला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे.) वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत याचे कारण ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी मुलांत शोधले नाही. मुले गुरांमागे असतात, तर शिक्षकाने कुरणात जावे, एवढा साधा तो निष्कर्ष. कुरणशाळेत बिया मोजायच्या, पाने जुळवायची, बेडकाचे पाय पाहायचे, आणि गुरे दूर गेली की मूल उठून त्यांना वळवून परत येई. धड्याच्या मध्येच उठून जाण्याची मुभा ही या शाळेची सर्वांत मोठी गोष्ट म्हणावी लागेल. त्या मुभेमुळे मुलाच्या दोन कामांत, दोन शहाणपणांत भांडण लागत नव्हते.

याच केंद्रात घडलेली अंगणवाडी देशभर गेली. 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेने ते नावच उचलले. कुरणशाळा मात्र त्याच जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडमध्येही रुजली नाही. कारण उघड आहे. अंगणवाडीला खोली, सेविका आणि नोंदवही देता येते. कुरणशाळेत हजेरी कुठल्या जागी घ्यायची आणि तपासणीला आलेल्या साहेबाने कोणत्या टेपाडावर जायचे, याचे उत्तर कुठल्याच नियमावलीत बसत नाही.

1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, 1967 मध्ये बालभारती स्थापन झाली आणि पुढे राज्यभर एकच पाठ्यपुस्तक झाले. ठाकर मुलाच्या घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांच्यातले अंतर शहरी मुलापेक्षा कितीतरी जास्त. वर्गात तोंड उघडले की आधी उच्चार दुरुस्त होतो, म्हणणे नंतर ऐकले जाते. अशा वर्गात गप्प बसणे हाच शहाणपणा ठरतो. रानातल्या चाळीस-पन्नास वनस्पती ओळखणारे मूल त्यामुळे शाळेच्या लेखी 'अबोल, मंदगती' होते.

1972-73 पासून शासकीय आश्रमशाळा सुरू झाल्या. शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि दोन्ही तालुक्यांत शासकीय व अनुदानित आश्रमशाळा पसरल्या आहेत. त्यांनी दिलेले नाकारण्यात अर्थ नाही: दोन वेळचे जेवण, अंथरूण, पुस्तके आणि अनेक पाड्यांचा पहिला पदवीधर. पण आश्रमशाळेचा दिवस उठण्यापासून झोपेपर्यंत घंटेवर चालतो. घरी असताना गुरे, धाकटे भावंड आणि चूल सांभाळणारी दहा वर्षांची मुलगी इथे पाणी प्यायलाही विचारून जाते. भाताची आवणी, कापणी, वलगण आणि रानभाज्या यांच्या काळात ती घराबाहेर असते. सुट्टीत परत येते तेव्हा आजीबरोबर रानात जायचे वय सरत आलेले असते.

विचारवंत इव्हान इलिच यांनी 1971 मध्ये शाळाविरहित समाजाची मांडणी करताना म्हटले की शाळा 'शिकवले जाणे' म्हणजेच 'शिकणे' असे माणसाच्या मनावर ठसवते. आश्रमशाळेला हे निदान पुष्कळसे लागू पडते. त्यांचा उपाय मात्र इथे चालत नाही, कारण शाळा नसलेला समाज इथल्या लोकांनी भोगलेला आहे आणि त्याच्या खुणा सावकाराच्या चोपडीत आहेत.

कातकरी मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. दिवाळीनंतर बयाणा घेतलेले कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाते ते पावसाच्या तोंडावर परतते. शाळेचे दुसरे सत्र म्हणजे नेमका हाच काळ. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या 'विधायक संसद' या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा भरवल्या. 2000 नंतर सरकारने वस्तीशाळा काढल्या. दोन्हींत शाळा मुलाकडे गेली, पण पुस्तक आणि परीक्षा जुनीच राहिली.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञान रचते हे अधिकृतपणे मान्य केले. साताऱ्यातल्या कुमठे बीटमधल्या शिक्षिका-शिक्षकांनी ते वर्गात करून दाखवले आणि 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर राज्यभर त्याचे अनुकरण सुरू झाले. मग रचनावादही परिपत्रकाने आला. अनेक शाळांच्या फरशा सारख्याच तक्त्यांनी रंगल्या. मुलांनी काय रचायचे ते आधीच रंगवलेले होते.

मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि आश्रमशाळांतली मुले पाड्यांवर परतली. आदिवासी विकास विभागाने 'अनलॉक लर्निंग' या नावाने त्यांच्यापर्यंत अभ्यासाचे साहित्य पोचवण्याचा कार्यक्रम घेतला. मोबाइलला रेंज नसलेल्या वाड्यांत हा मार्ग योग्यच होता. पण शिक्षक समोर नसताना मूल स्वतः पुस्तक उघडेल, अडले तर कोणाला विचारेल, पुढे जाईल, ही सवय त्यात गृहीत होती. शाळेने ती कधी मागितलीही नव्हती.

त्याआधी, 8 मार्च 2016 रोजी, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारीत, पाठीला दप्तर लावून येऊ लागल्या. त्यांची मागणी साधी होती: पोथी स्वतः वाचता यावी. शिकण्याचा हेतू त्यांचा, वेळही त्यांच्या सोयीची, घरकाम आटोपल्यावर दुपारी दोन ते चार. गावातल्या नातवंडांच्या शाळेला अशी मोकळीक नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास असे अध्यापन ठरवून दिलेले आहे. ते तास आवणीच्या, वलगणीच्या किंवा भट्टीच्या हंगामाप्रमाणे मांडायला कायदा आड येत नाही, मात्र दोन्ही तालुक्यांतल्या शाळा राज्याच्या वार्षिक वेळापत्रकावरच चालतात.