मासा शहाणा झाला की कमी झाला?

मंडळी, वरळीच्या किंवा गिरगाव चौपाटीच्या बाजूला संध्याकाळी गरवायला बसलेल्या माणसाला विचारून बघा, "काय, लागलं काही?" उत्तर बहुधा एकच येतं: "मासा शहाणा झालाय हो आता." लालबाग-परळच्या चाळींतून कोकणातली जी कुटुंबं राहिली, त्यांच्याही घरी हे वाक्य ऐकू येतं. आज आपण हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू.

मासा सावध असतो, ही जाण जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. (ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपलं लोकलचं कल्याण नव्हे!) त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. कोणत्या माशाला कोणतं खाद्य, दोर कसा, गळ कसा, हे सारं त्यात सांगितलंय. म्हणजे माशाची आवडनिवड ओळखल्याशिवाय गळ टाकण्यात अर्थ नाही, हे आपल्याकडे तेव्हाच ठाऊक होतं.

मासा अनुभवाने शिकतो, हेही खरंच. नेदरलँड्समधले संशोधक ब्यूकेमा यांनी १९७० मध्ये दाखवलं, की एकदा गळाला लागून सुटलेला कार्प मासा पुन्हा सहजी सापडत नाही. विलायतेतल्या गर्दीच्या नद्यांवर ट्राउट पकडून परत पाण्यात सोडायची पद्धत बरीच रुळली आहे. तिथला ट्राउट शहाणा होणारच. त्याची शाळाच भरते म्हणा ना!

पण आपल्याकडे? तांबोशी नाहीतर जिताडा गळाला लागला, तर तो परत सोडतो कोण? कालवणात गेलेला मासा कुणाला काय शिकवणार? गळातून निसटलेले चार शिकतील, बस्स. तेवढ्याने अख्खा किनारा शहाणा होत नाही.

मग टोपली रिकामी का? उत्तर माशाच्या डोक्यात नाही, किनाऱ्याच्या इतिहासात आहे. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डने वरळीची खिंड बंद केली आणि भरतीचं पाणी बेटांच्या आत शिरायचं थांबलं. पुढे भरावावर भराव पडत गेले. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिनं बसली, सुताची जाळी जाऊन नायलॉनची आली, मग ट्रॉलर आले. ट्रॉलरच्या जाळ्यापुढे शहाणा मासा आणि वेडा मासा सारखेच. किनाऱ्यालगतच्या मासेमारीला आळा घालायला राज्याला १९८१ मध्ये कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

आणि हे संपलेलं नाही. वरळीच्या क्लीव्हलँड बंदराजवळ सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. होड्या जाणार कशा, म्हणून कोळी बांधव आंदोलनाला उभे राहिले, तेव्हा कुठे डिसेंबर २०२२ मध्ये ते १२० मीटर करायचं ठरलं.

म्हणून आपण जरा जपून बोलू या. "मासा शहाणा झाला" म्हटलं, की दोष माशाच्या माथी जातो आणि आपण मोकळे होतो. "मासा कमी झाला" म्हटलं, तर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: कुणी केला?