कॅसेटमध्ये राहिलेला पुरावा : ‘बॅड ब्रेन्स’ आणि पंक रॉकचा अर्धा सांगितलेला इतिहास

पंक रॉकचा इतिहास सांगताना नेहमी एकच चित्र पुढे केले जाते. सत्तरचे दशक, न्यूयॉर्क आणि लंडन, व्यवस्थेवर चिडलेली गोरी पोरे आणि तीन कॉर्डची धसमुसळी गाणी. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. इतिहास अपुरा राहतो तेव्हा गाळली जाणारी माणसे नेमकी खालच्या थरातलीच का असतात, हा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही एका बँडची ध्वनिमुद्रणे समोर ठेवतो. त्या बँडचे नाव ‘बॅड ब्रेन्स’.

वॉशिंग्टन डी.सी. हे अमेरिकेच्या राजधानीचे शहर. सत्तरच्या दशकात तिथे कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती. तिथे आणि आसपासच्या उपनगरांत वाढलेले चार कृष्णवर्णीय तरुण आधी ‘माइंड पॉवर’ नावाने जॅझ फ्युजन वाजवत होते. गायक एच.आर., त्याचा भाऊ ड्रमर अर्ल हडसन, गिटारवर डॉ. नो आणि बासवर डॅरिल जेनिफर. १९७७ च्या सुमारास हे चौघे पंककडे वळले. पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचे संगीत, असा समज आहे. या चौघांना उत्तम वाजवता येत होते. म्हणूनच त्यांनी पंकचा वेग इतका वाढवला की पुढे ‘हार्डकोर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकाराचा पाया त्यातून घातला गेला.

आता रेकॉर्ड काय सांगते ते पाहू. १९८० साली त्यांनी पहिली सिंगल स्वतःच काढली. गाणे जेमतेम दीड मिनिटाचे. त्यांचा पहिला अल्बम १९८२ साली आला तो फक्त कॅसेटवर. ‘रोआयआर’ या न्यूयॉर्कच्या छोट्या कंपनीने तो काढला. महागड्या स्टुडिओची चमक त्यात नाही. वॉशिंग्टनच्या क्लबांनी दारे बंद केल्यावर त्यांना न्यूयॉर्क गाठावे लागले होते. त्या बंदीवरचे गाणेही याच कॅसेटवर आहे. ज्यांना मंच नाकारला गेला त्यांनी नकाराचीच नोंद करून ठेवली. याच कॅसेटवर सुसाट गाण्यांच्या मधे संथ रेगे वाजते, कारण चौघांनी तोवर रास्ताफारी पंथ स्वीकारला होता. जमैकाच्या गरीब कृष्णवर्णीयांमध्ये जन्मलेली ही श्रद्धा त्यांनी गोऱ्या श्रोत्यांसमोर जशीच्या तशी मांडली.

त्याही आधीचे, १९७९ चे एक ध्वनिमुद्रण आहे. ते ‘ब्लॅक डॉट्स’ या नावाने बाजारात आले ते थेट १९९६ साली. सतरा वर्षे! तोवर त्यांच्याकडून शिकलेली एक अख्खी पिढी नावारूपाला आली होती. न्यूयॉर्कच्या ‘बीस्टी बॉईज’ने हार्डकोरपासून सुरुवात केली आणि पुढे लाखोंनी रेकॉर्ड विकल्या. त्यातल्या अ‍ॅडम यॉकने ‘बॅड ब्रेन्स’चा २००७ चा ‘बिल्ड अ नेशन’ हा अल्बम निर्माता म्हणून घडवला. हा ऋणनिर्देश प्रामाणिकच आहे. तरीही शिष्य श्रीमंत आणि गुरू कायम काठावर, ही रचना व्यक्तीच्या चांगुलपणाने बदलत नाही. ती भांडवल कोणाकडे आहे यावर ठरते.

बँड सारखा तुटत आणि जुळत राहिला, आणि तेही रेकॉर्डमध्ये उतरले. १९८६ च्या ‘आय अगेन्स्ट आय’ मधल्या एका गाण्यासाठी एच.आर.ने तुरुंगातून फोनवर आवाज दिला, कारण गांजाच्या गुन्ह्यात तो आत होता. १९९३ च्या ‘राईज’ मध्ये तर गायक आणि ड्रमर दोघेही बदललेले आहेत. १९८२ ते २०१२ या तीस वर्षांत स्टुडिओ अल्बम झाले अवघे नऊ. २०२१ साली मात्र बँडने स्वतःच्या नावाचे लेबल उभारून जुन्या रेकॉर्ड नव्याने काढायला घेतल्या. आपला इतिहास आपल्या ताब्यात असावा, यासाठी चाळीस वर्षे थांबावे लागले.

इथवर वाचून काही वाचक म्हणतील, मग हे आपलेच वीर झाले. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून. कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. पण नाते आहे म्हणून डोळे मिटायचे का?

१९८९ च्या ‘क्विकनेस’ या अल्बममध्ये समलैंगिक पुरुषांना उपदेशाचे डोस पाजणारे एक गाणे आहे. एड्सने माणसे मरत होती, समाज त्यांना वाळीत टाकत होता, त्या काळातले हे गाणे. ज्यांना क्लबांनी बाहेर ठेवले, तेच दुसऱ्या बहिष्कृतांना बाहेर ठेवत होते. याचे मूळ आम्हाला धर्मग्रंथाला प्रमाण मानण्यात दिसते. ज्या श्रद्धेने त्यांना ताठ मानेने उभे केले, तिनेच त्यांच्या हातात दुसऱ्याला मोजायची काठी दिली. शोषित असणे हे न्यायी असण्याचे प्रमाणपत्र नव्हे.

काही चाहते ते गाणे वगळून बाकीचा गौरव करतात. काही टीकाकार त्या गाण्यापायी सगळा बँडच निकालात काढतात. आम्हाला दोन्ही मान्य नाही. पहिल्यात भक्ती आहे. दुसऱ्यात सोय आहे, कारण त्यामुळे पंकचा इतिहास पुन्हा गोरा होऊन बसतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. तो संस्कृतीच्या क्षेत्रालाही लागू आहे, आणि आपल्या स्वतःच्या गायकांना, कवींना, नेत्यांनाही.

माणसे बदलतात, मते बदलतात, रेकॉर्ड बदलत नाही. म्हणून ती पूर्ण ऐकली पाहिजे. बंदीला दिलेले उत्तरही ऐकायचे आणि दुसऱ्यावर उगारलेला हातही ऐकायचा. श्रेय पुराव्याने द्यायचे आणि जाबही पुराव्यानेच विचारायचा. जो समाज आपल्या माणसांचा इतिहास असा वाचायला शिकतो, त्याचा इतिहास दुसऱ्याला सहजासहजी गिळता येत नाही.