पेंढा, चोथा आणि धिंगरी अळिंबी

१/ मुळशीच्या भातपट्ट्यात, भरे-पिरंगुट परिसरात, सुगीनंतर पेंढा उरतो. वैरण ही त्याची जुनी ओळख. त्यावर माणसाचे अन्न पिकवण्याचा इतिहास मात्र अलीकडचा आहे.

२/ पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानअळंबी सह्याद्रीतील माणसाने खुडली, पेरली कधीच नाही. ती वाळवीने पोसलेली बुरशी. तिची शेती माणसाला आजही साधलेली नाही.

३/ धिंगरीचे तसे नव्हते. ती मृत लाकडावर जगते. महायुद्धाच्या टंचाईत, १९१७ च्या सुमारास, जर्मनीत फाल्क यांनी तिची लागवड ओंडक्यांवर केली. १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी ती भाताच्या पेंढ्यावर वाढवली. लाकडाची जागा शेतातल्या टाकाऊने घेतली.

४/ कॉफीचा चोथा ही याच साखळीतील पुढची कडी. पेंढा गरम पाण्यात निर्जंतुक करावा लागतो. चोथा कॉफी गाळतानाच त्यातून गेलेला असतो. तो शिळा झाला की हिरवी बुरशी आधी शिरते. म्हणून ताजाच वापरतात, त्यात पेंढाही मिसळतात.

५/ या पिकाला वावर लागत नाही, सातबारा लागत नाही. पेरणारा भूमिहीन असला तरी चालते. शेतीच्या इतिहासात हे क्वचितच घडले आहे.