घरात उर्दू, शाळेत मराठी : मूल उशिरा बोलतंय तर काय करावं?

"घरात उर्दू, शाळेत मराठी-इंग्रजी, मकतबमध्ये अरबी. पोरगा गोंधळणारच, म्हणून बोलत नाही." कामोठे-पनवेल परिसरात पालकांकडून असं ऐकायला मिळतं. पण दोन-तीन भाषांमुळे वाचादोष होत नाही. म्हणून घरची उर्दू किंवा कोकणी बंद करू नका. आईशी बोलायची भाषाच गेली तर मूल आणखी गप्प होतं.

दोष की भाषेचा फरक?
उर्दूत 'ळ' नाही. त्यामुळे आपलं मूल 'शाळा'ला 'शाला' म्हणालं तर तो आजार नव्हे. मात्र घरच्या भाषेतही बोलणं मागे असेल तर लक्ष द्या. साधारण एका वर्षाला पहिले शब्द, दोन वर्षांपर्यंत 'अम्मी पानी' अशी जोडी आणि तीन वर्षांपर्यंत छोटी वाक्यं यायला हवीत. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मोजा.

आधी कान तपासा
ऐकूच कमी येत असेल तर बोलणं येणार कसं? लहान बाळाचीही 'बेरा' तपासणी झोपेत करता येते, दुखत नाही. सुरुवात कामोठ्यातल्या एमजीएम रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात विचारणा करून करता येईल. सरकारी संस्था हवी असेल तर वांद्रे रेक्लमेशन इथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ साली सुरू झालेल्या या संस्थेला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे माजी कुलगुरू नवाब अली यावर जंग यांचं नाव दिलं आहे. हार्बरने जाताना वडाळ्याला गाडी बदलता येते.

थेरपीत काय होतं?
तोतरेपणा, ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, फाटलेला टाळू, कमी ऐकू येणं अशा अडचणींत स्पीच थेरपीचा उपयोग होतो. थेरपिस्ट खेळ, चित्रं आणि आवाजांचा सराव घेतात. खरं काम मात्र रोज घरी करायचं असतं. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे जरूर विचारा. घरी कुठली भाषा बोलता तेही पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर मराठीतल्या चाचणीत हुशार मूलही मागे दिसेल.

हक्क
२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मोफत तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

सूरह ताहामध्ये हजरत मूसा अलैहिस्सलाम यांनी जिभेची अडचण दूर व्हावी अशी दुआ केली, आणि सोबतीला भाऊ हारून अलैहिस्सलाम यांची मदतही मागितली. आपणही दुआ करू या, आणि तपासणीची तारीखही याच आठवड्यात घेऊ या.