नायट्रो आरसी बोट खाऱ्या पाण्यात चालवताना
पवनेच्या गोड्या पाण्यात माझी नायट्रो बोट बिनतक्रार चालायची. अलिबागच्या समुद्रात एकदाच चालवली, लोणावळ्याला आणून तशीच ठेवली. आठवड्यात बेअरिंग जाम! समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तेच पाणी इंजिनाच्या कूलिंग जॅकेटमधून फिरतं आणि वाळलं की मीठ आतच बसतं. इंधनातलं मिथेनॉलही ओलावा शोषतं, त्यात आपल्याकडची पावसाळी हवा! म्हणून किनाऱ्यावरच टाकी रिकामी करा, नळीतलं इंधन संपेपर्यंत इंजिन काही सेकंद चालवा. जॅकेटमधून सिरिंजने गोडं पाणी सोडा. कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन तेलाचे थेंब टाकून फ्लायव्हील हाताने फिरवा. फ्लेक्स शाफ्ट काढून पुसा, मरीन ग्रीस लावा. माझा शाफ्ट गंजून चिकटला होता, शेवटी ट्यूबसकट काढावा लागला.