कोव्ह: जिवंत माणसांसाठी जागरण

'टायटॅनिक' पाहिलाय ना? ११ एप्रिल १९१२ ला ते जहाज शेवटचं थांबलं ते आयर्लंडच्या कॉर्क काउंटीतल्या कोव्ह बंदरात. १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरिया इथे येऊन गेली, तेव्हापासून ब्रिटिशांनी गावाला क्वीन्सटाउन म्हटलं. १९२० च्या सुमारास जुनं नाव परत आलं.

पण आजची गोष्ट टायटॅनिकची नाही.

१८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं गेली. जगायचं तर देश सोडायचा! पुढच्या शंभरेक वर्षांत अंदाजे २५ लाख लोक याच बंदरातून निघाले.

निघायच्या आदल्या रात्री घरी 'अमेरिकन वेक' व्हायचा. वेक म्हणजे मयतापाशी रात्रभर जागणं. इथे माणूस जिवंत असायचा, पण पुन्हा भेट होणं कठीण. म्हणून रात्रभर गाणी, नाच आणि पहाटे रडारड.

डिसेंबर १८९१ मध्ये ॲनी मूर नावाची १७ वर्षांची मुलगी दोन धाकट्या भावांना घेऊन इथूनच निघाली. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड केंद्र उघडलं, तेव्हा पहिली नोंद तिची झाली. आईवडील तिकडे आधीच पोचले होते. तिच्या नशिबात भेट होती, अनेकांच्या नव्हती.

आज कोव्हच्या धक्क्यावर त्या तिघा भावंडांचा पुतळा आहे.