न दिसलेले श्वापद

१९४२ साली अमेरिकेतील आर. के. ओ. ही चित्रपटसंस्था आर्थिक अडचणीत सापडली होती. ऑर्सन वेल्सच्या महत्त्वाकांक्षी चित्रपटांनी घातलेला पैसा परत दिला नव्हता. तेव्हा स्वस्त भयपटांनी तूट भरून काढण्याचे काम चालकांनी व्हॅल ल्यूटन यांजकडे सोपविले. खर्चाची मर्यादा १,५०,००० डॉलर, आणि नावे चालकच देणार! ‘कॅट पीपल’ हे नावही असेच पदरी पडले.

अक्राळविक्राळ प्राणी उभा करण्यास द्रव्य नव्हते. म्हणून ल्यूटन व दिग्दर्शक जाक तुर्नर यांनी श्वापद बहुतांशी अंधारातच ठेविले. निर्जन रस्त्याने एक स्त्री घाईघाईने चालली आहे. मागची पावले अकस्मात थांबतात. फुसकारा ऐकू येतो, आणि पुढ्यात उभी राहते ती केवळ बसगाडी! पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगातही हलत्या छाया व गुरगुर एवढेच साहित्य आहे.

या चित्रपटाने संस्थेस भरपूर पैसा मिळवून दिला. ल्यूटन मात्र १९५१ साली, वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी वारले. त्या काळच्या कित्येक भयपटांतील रंगविलेले राक्षस पाहून आज मुलेही हसतात. त्या बसगाडीपाशी आम्ही मात्र अजून दचकतो. ल्यूटन यांनी प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीवर जो विश्वास टाकिला, त्याचेच हे फळ होय, असे आम्हांस वाटते.